संगमरवराला आलेले पोट

मित्रांनो, बंदरात शिरणाऱ्या जहाजांना सर्वांत आधी जी दिसते, ती बँकेची जुनी इमारत म्हणजे मी. बावन्न मजल्यांची आहे. आज माझ्या अंगावर राखाडी पत्रे आहेत आणि मान वर करून माझ्याकडे कोणी फारसे बघत नाही. पण एके काळी मी पायापासून माथ्यापर्यंत पांढऱ्या संगमरवराची होते. तो संगमरवर माझ्या अंगावरून का उतरला, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे त्याबद्दल बोलत नाहीत. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर झाला. खालच्या खडकाला टेकेपर्यंत खांब ठोकले, तेव्हा कुठे माझे पाय रोवले गेले. माझा भार मधल्या खांबांवर नाही. तो बाहेरच्या बाजूला एकमेकांलगत उभ्या केलेल्या पोलादी खांबांवर आहे, वेताच्या टोपलीसारखा. त्यामुळे माझ्या आतले मजले मोकळे, ऐसपैस. खाली तीन मजले उंचीचे दालन आणि त्याला पितळी दरवाजे. ते लोटायला दोन माणसे लागत.

ज्या आर्किटेक्टने मला कागदावर काढले, त्याचा एकच हट्ट होता. "दुरून बघणाऱ्याला जोड दिसता कामा नयेत," तो म्हणे. "एकाच दगडातून कोरून काढल्यासारखी दिसली पाहिजे." म्हणून माझ्या पोलादी अंगावर एकतीस हजार संगमरवरी लाद्या चढवायचे ठरले. प्रत्येक लादी चार पोलादी आकड्यांवर टांगायची. पहिल्या नकाशात लादीची जाडी तीन बोटे होती. मग वजनाचा हिशेब झाला, आणि उद्घाटनाची तारीख तर आधीच पत्रिकेवर छापून झाली होती. जाडी दोन बोटांवर आली. पुढे तीही राहिली नाही.

लाद्या बसवणारा म्हातारा मिस्त्री होता. पहिली लादी हातात घेऊन त्याने ती उन्हात धरली. कडेतून उजेड झिरपत होता.

"साहेब, ही लादी आहे की शाळेतली पाटी?"

आर्किटेक्ट हसला. "मिस्त्री, हिच्यावर भार कुठाय? हा नुसता अंगरखा आहे. भार सगळा आतल्या लोखंडावर."

"भाराचं नाही म्हणत मी. उन्हाचं म्हणतोय. संगमरवर ऊन खातो. तापला की फुगतो, निवला की परत बसतो, पण पुरता बसत नाही. दर खेपेला केसभर बाहेर राहतो. जाड असला तर निभावून नेतो. हा एवढासा जीव काय निभावणार?"

"आणि हे व्हायला किती वर्षं लागतील?"

"ते मला काय ठाऊक! मी तेव्हा नसेन."

"मीही नसेन," आर्किटेक्ट म्हणाला.

"इमारत असेल की," असे म्हणून मिस्त्री कामाला लागला.

मित्रांनो, ते बोलणे मी ऐकले. पण तेव्हा मी तरुण होते, आणि तरुणपणी असले बोलणे कोण मनावर घेतो? लोक मला बघायला लांबून येत. एक छायाचित्रकार तर पटांगणात ठाणच मांडून होता. माझे फोटो काढून तो पोस्टकार्डे छापी, आणि त्याचा संसार माझ्या रूपावर चाले. सकाळी मी गुलाबी दिसे, दुपारी डोळे दिपवी. नवीन लागलेले कारकून आईवडिलांना घेऊन येत आणि लांबूनच बोट दाखवून सांगत, "तो बघा माझा मजला."

दुखणे पश्चिमेच्या अंगाने सुरू झाले. त्या अंगाला बंदर आहे. दुपारपासून संध्याकाळपर्यंत सगळे ऊन त्याच अंगावर येते, आणि वर खारा वारा. बाराव्या की तेराव्या वर्षी संध्याकाळी लाद्या निवू लागल्या की बारीक आवाज येऊ लागला. कट्. थोड्या वेळाने पुन्हा कट्. विसाव्या मजल्यावरचा हेडक्लार्क म्हणायचा, "ऐका, बाईसाहेब आपल्या नावानं बोटं मोडतायत." सगळे हसत आणि टेबले आवरून घरी जात. माझी एकेक लादी मात्र खरोखरच जागा सोडत होती. ते कोणालाच दिसत नव्हते, कारण बावन्न मजल्यांच्या भिंतीकडे सगळे खालून बघत होते.

मला जवळून बघणारी एकच होती. तिला सगळे 'पाळणेवाली' म्हणत. गच्चीवरून दोन तारांवर एक लोखंडी पाळणा सोडलेला असे. त्यात उभी राहून ती माझ्या खिडक्या आणि लाद्या धुई. वय चाळिशीच्या पुढचे, अंगकाठी चिमणीएवढी, आवाज मात्र असा की बत्तिसाव्या मजल्यावरून हाक मारली तर पटांगणातले लोक वर बघत. पाळण्यात दोन माणसे असावीत असा नियम होता. दुसरा माणूस सोडून गेल्याला वर्ष झाले होते आणि त्याची जागा भरलेली नव्हती.

तिला ही नोकरी तिच्या मोठ्या भावाने लावून दिली होती. तो माझ्या देखभालीचा अधिकारी होता. लिफ्ट, पंप, वीज, पाळण्याची किल्ली, सगळे त्याच्या ताब्यात. तळघरातल्या एका खोलीत तो बसे. स्वभावाने भला माणूस. कधी कोणाला लागेलसे बोलला नाही, आणि वरच्यांना तर कधीच नाही. सगळ्यांसमोर तो बहिणीला 'बाई' म्हणे. आसपास कोणी नसले की 'चिमे'.

पाळणेवालीला एक सवय होती. उजव्या हाताने पुसताना तोल राहावा म्हणून ती डावा पंजा लादीवर सपाट टेकवी. एके दिवशी एकतिसाव्या मजल्यावर तिचा पंजा सपाट टेकलाच नाही. तिने फडके खाली ठेवले. पुन्हा हात टेकवला. मग खिशातून सुतळी काढून लादीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरली. सुतळी मधोमध दगडाला टेकली आणि कडांपाशी अधांतरी राहिली. तिच्या नि दगडाच्या फटीत करंगळी जात होती.

त्या दिवशी तिने तिथल्या चाळीस लाद्या मोजल्या. तेवीस फुगलेल्या निघाल्या. संध्याकाळी ती तळघरात गेली.

"दादा, भिंतीला पोट आलंय."

"कुठल्या भिंतीला?"

"सगळ्या. पश्चिमेच्या."

"अगं, दगड आहे तो. दगडाला कुठं पोट येतं?"

"मीही हेच म्हटलं असतं. चल, हात लाव."

दुसऱ्या दिवशी तो खरोखर पाळण्यात चढला. त्याला उंचीचे भय होते. एका हाताने कठडा घट्ट धरून त्याने दुसरा हात माझ्या अंगावर ठेवला. त्या हाताला घाम सुटलेला मला कळला. त्याने दोनतीन ठिकाणी बोटाच्या पेराने टकटक केली. आवाज पोकळ आला. खाली उतरल्यावर त्याने वर पत्र लिहिले, नीट, मोजमापांसकट. आठ दिवसांनी तेच पत्र परत आले. समासात दोन शब्द होते: 'लक्ष ठेवावे.'

"म्हणजे काय?" बहिणीने विचारले.

"म्हणजे लक्ष ठेवायचं."

"मी ठेवलंच होतं की! म्हणून तर सांगितलं."

भावाने पत्र फाईलला लावले. "चिमे, पुढच्या महिन्यात इमारतीला पंचवीस वर्षं होतायत. पटांगणात मोठा समारंभ आहे, सगळ्यांची बायकापोरं येणार. मोठे साहेब म्हणतात, एवढं पार पडू दे, मग बघू."

"आणि त्यांच्या डोक्यात दगड पडला तर? तू काय छत्री धरून उभा राहणार आहेस?"

त्याने फाईल कपाटात ठेवली. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षे होती. राहते घर बँकेचे होते. हे तिलाही ठाऊक होते, म्हणून ती तशीच घरी गेली.

मित्रांनो, माझ्या अंगात काय चालले होते ते मला कळत होते. खाऱ्या वाऱ्याने आकडे गंजत होते. फुगलेली लादी आकड्याला रोज थोडी ओढत होती. मी सांगणार कोणाला? समारंभाला बारा दिवस राहिले असताना एका सकाळी तळहाताएवढा तुकडा निखळून पटांगणातल्या बाकावर पडला. बाकाची फळी दुभंगली. बाकावर तेव्हा कोणी नव्हते. दहा मिनिटांत झाडू फिरला, बाक उचलून नेला, आणि "कोणीतरी वरून काहीतरी फेकलं" अशी नोंद झाली.

पाळणेवालीने बाकाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघितले. मग कोणाला काही न विचारता ती गच्चीवरच्या कोठडीत गेली. आगीच्या नळांना लावायचा लाल रंग तिथे असे. तिने एक डबा आणि रुंद ब्रश घेतला, पाळण्यात चढली आणि पश्चिमेच्या अंगाने खाली उतरू लागली. लादीवर हात ठेवायचा, फुगलेली लागली की फुली मारायची. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, लालभडक.

दुपारपर्यंत माझ्या पांढऱ्या अंगावर दोनशे फुल्या झाल्या होत्या. मला लाज वाटली, खोटे कशाला बोलू. पण अंगावरचे ओझे कोणीतरी उतरवल्यासारखेही वाटले. बंदरातल्या एका जहाजाने भोंगा दिला. धक्क्यावरचे कामगार काम थांबवून बघू लागले. जेवणाची सुट्टी झाली तशी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे पटांगणात जमू लागली. पन्नास, शंभर, दोनशे. सगळ्यांच्या माना वर. पोस्टकार्डवाला छायाचित्रकार कॅमेऱ्याचे तिकाटणे लावून उभा राहिला.

मोठ्या साहेबांचा फोन गच्चीवर वाजला. भाऊ तिथे धावत पोचलेलाच होता.

"त्या बाईला तिथल्या तिथे थांबवा. किल्ली काढून घ्या."

त्याने किल्ली फिरवून काढून घेतली. पाळणा तेहतिसाव्या मजल्यापाशी हिसका खाऊन थांबला. भावाने किल्ली खिशात घातली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"चिमे, काय करून बसलीस हे! आता तुला वर घेतो. गुपचूप ये आणि माफी माग."

वारा वाढला होता. मग तिचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे, अगदी हळू.

"दादा, खाली माणसं जमलीयत."

"जमणारच! तमाशा केलास तर..."

"ऐक ना. माझ्या दोन मजले खाली एक लादी खालून सुटलीय. वीतभर बाहेर आलीय. वरच्या दोन आकड्यांवर लोंबतेय नुसती. आणि बरोबर तिच्याखाली माणसं उभी आहेत. मीच गोळा केली त्यांना, दादा. मीच."

भावाने किल्लीसाठी खिशात हात घातला. "थांब, तुला आधी वर..."

"मोटर चालू करू नकोस! मोटरची थरथर लागते भिंतीला. मला राहू दे इथंच. तू खाली जा."

तेवढ्यात उरलेल्या दोनांतला एक आकडा तुटला. टण् असा आवाज माझ्या अंगातून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेला. भावाचा हात कठड्यावरच होता. त्याला तो आवाज हातातून कळला.

तो लिफ्टकडे पळाला. बावन्न मजले उतरायला लिफ्टला मिनिटाहून जास्त वेळ लागे. त्या वेळात त्याच्या मनात आगीची घंटा वाजवायचे आले. पण घंटा झाली की आतली दोन हजार माणसे बाहेर पटांगणात येणार! आणि "पळा" म्हणून ओरडावे, तर लोक आधी वर बघणार, मग एकमेकांना विचारणार. खाली पोचेपर्यंत त्याचे ठरले होते. वॉचमनला हाताशी घेऊन त्याने दोन्ही पितळी दरवाजे सताड उघडले आणि जन्मात कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्याने, हसऱ्या तोंडाने ओरडला:

"चला, चला! बँकेची पंचवीस वर्षं! आज गच्ची फुकट! पहिल्या शंभर जणांना वर नेऊन दाखवतो! लवकर आत या!"

मित्रांनो, फुकट म्हटल्यावर माणसे कशी धावतात ते तुम्हाला सांगायला नको. दोन मिनिटांत पटांगण माझ्या दालनात रिते झाले. धक्काबुक्की झाली, कोणाची चप्पल तुटली, कोणी वॉचमनला शिव्या घातल्या. भाऊ दारात उभा राहून एकेकाला हाताला धरून आत ओढत होता, आणि तोंडाने "या, या" चालू होते. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

पटांगणात एकटा छायाचित्रकार उरला.

"अहो, आत या!"

"एकच फोटो! असा देखावा पुन्हा मिळायचा नाही!"

भाऊ पायऱ्या उतरून धावला. शेवटचा आकडा तेव्हाच सुटला.

लादी सरळ पडली नाही. पातळ होती. वाऱ्यावर पत्त्यासारखी गिरकी घेत ती एकदा समुद्राकडे गेली आणि मग परत माझ्याकडे वळली. दालनातल्या लोकांना फक्त एक पांढरी झेप दिसली. भावाने छायाचित्रकाराला कॉलरला धरून दाराकडे भिरकावले. तो पायऱ्यांवर जाऊन पडला आणि वाचला. लादी त्याच्या तिकाटण्यावर आपटून फुटली आणि तिचा अर्धा भाग भावाच्या उजव्या पायावर बसला.

वरून पाळणेवालीला आवाज आला नाही. तिने धूळ उडालेली बघितली आणि त्या धुळीत आडवा पडलेला एक माणूस.

"दादा?" ती वॉकीटॉकीत म्हणाली. "दादा, बोल ना. दादा!"

पटांगणातल्या फरशीवर पडलेला वॉकीटॉकी बोलत होता. शेवटी वॉचमनने तो उचलला.

"बाई, साहेब आहेत. जिवंत आहेत. पाय गेला बहुतेक. तुम्ही हलू नका."

ती हलणार तरी कशी? किल्ली त्याच्या खिशात होती, आणि त्याला तसेच दवाखान्यात नेले. तिथून किल्ली परत येईपर्यंत ती अडीच तास तेहतिसाव्या मजल्यापाशी लटकत होती. त्या अडीच तासांत तिने माझ्यावर कपाळ टेकले होते. ती रडत होती की नाही, ते वाऱ्यामुळे मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी इमारत विद्रूप केल्याबद्दल तिच्या हातात बडतर्फीचे पत्र पडले. त्या पत्राची शाई वाळते न वाळते तोच चौकशी बसली. सरकारी अभियंत्यांनी पाळण्यातून सुतळीऐवजी पोलादी पट्टी लावून मोजमापे घेतली. एकतीस हजारांतल्या अठरा हजार लाद्या वाकलेल्या निघाल्या. मोठे साहेब म्हणाले, आपल्याला कोणी स्पष्ट कल्पना दिली नव्हती. कुबड्या घेऊन आलेल्या भावाने परत आलेले पत्र टेबलावर ठेवले. अधिकाऱ्याने विचारले, "म्हणजे तुमचा यात काही दोष नाही?"

"आहे की," तो म्हणाला. "मी हात लावून बघितला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं. बहिणीनं रंगाचा डबा उचलेपर्यंत मी फाईल सांभाळत बसलो."

समारंभ झाला नाही. मोठे साहेब दुसऱ्या शहरात गेले. म्हातारा झालेला आर्किटेक्ट एकदा येऊन पटांगणाच्या कडेला बराच वेळ उभा राहिला आणि कोणाला न भेटता परत गेला. माझ्या सगळ्या लाद्या उतरवायला दोन वर्षे लागली. ते काम बघायला पाळणेवालीला परत बोलावले, तेव्हा तिने सांगितले की पाळण्यात दुसरा माणूस असेल आणि खाली कोणी नसेल तरच ती चढेल. दोन्ही गोष्टी कबूल झाल्या. उतरवलेला संगमरवर फोडून बंदराच्या भरावात टाकला. भाऊ मात्र पुन्हा माझ्या पटांगणात आला नाही.

मित्रांनो, आम्ही इमारती काय, पूल काय, तुमच्या शाळेचा जिना काय, आम्हालाही वय होते आणि दुखणी जडतात. लांबून बघणाऱ्याला ती दिसत नाहीत. आम्हाला पुसणाऱ्या, झाडणाऱ्या, तेलपाणी करणाऱ्या माणसांना ती आधी कळतात. अशी माणसे बहुधा तुमच्या साहेबांच्या दाराबाहेर ताटकळत उभी असतात. त्यांना आत बोलवा. बसायला खुर्ची द्या. त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐका, आणि ऐकून झाले की उठून त्यांच्याबरोबर चला. त्याच दिवशी चला.